तीन सेंटचं गुलाबी प्रकरण: जुन्या अमेरिकन टपाल तिकिटांच्या रंगछटा

दातेरी
मंडळी, इथे तिकीटवाले किती आहेत माहीत नाही. पण माझे गेले तीन रविवार ज्यात गेले ते कुठेतरी ओतायला हवं. घरात आता कोणी ऐकून घेत नाही.

मी न्यू जर्सीत असतो. गेल्या महिन्यात जवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये तिकिटांचा बाजार भरला होता. टेबलामागे सत्तरीतले आजोबा आणि पुढ्यात बुटांच्या खोक्यांत कोंबलेली पाकिटं, असा सगळा थाट. एका खोक्यात १८६१ची तीन सेंटची, वॉशिंग्टनच्या चित्राची तिकिटं मिळाली, सगळी वापरलेली. ९० डॉलर म्हणाला, मी दिले. घरी येऊन मोजली तर ११२ निघाली.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८६१ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतल्या पोस्टांत पडून असलेला तिकिटांचा साठा बंडखोरांच्या हाती होता, तो विकून त्यांनी पैसा उभा करू नये म्हणून उत्तरेच्या सरकारने जुनी तिकिटं सरसकट बाद केली आणि नवी काढली. काम मिळालं न्यूयॉर्कच्या नॅशनल बँक नोट कंपनीला. अर्ध्या औंसाच्या साध्या पत्राला तीन सेंट लागत, त्यामुळे तीन सेंटचं तिकीट बेसुमार छापलं गेलं, पावणेदोनशे कोटींच्या आसपास. म्हणून आजही ते दोन-तीन डॉलरला मिळतं.

गंमत पुढे आहे. ऑगस्ट १८६१मध्ये निघालेल्या पहिल्या छपाईची शाई वेगळी होती. त्या शाईचं तिकीट म्हणजे ‘पिंक’, स्कॉट कॅटलॉगमध्ये (अमेरिकन तिकिटांची प्रमाण यादी) क्रमांक ६४. त्याचाच गडद, भारी अवतार ‘पिजन ब्लड पिंक’, ६४ए. मधलं ‘रोझ पिंक’ ६४बी. आणि नंतरची कोट्यवधी ‘रोझ’, ६५. नक्षी तीच, कागद तोच, कडेचे दातेही तेच. फरक फक्त रंगाचा. पण रोझ दोन डॉलरला तर पिंक शेकड्यांत आणि पिजन ब्लड हजारांत.

आता माझी कथा. बाहेर बर्फ, खिडकी उत्तरेची, जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद. ११२ तिकिटं पसरली आणि रंगाप्रमाणे ढीग लावायला बसलो. तासाभरात सात ढीग झाले. एक विटेकडे झुकणारा. एक पिकल्या पेरूच्या गराचा. एक खूपदा धुतलेल्या रुमालासारखा. आणि एक तिकीट एकटंच उरलं, ते कुठल्याच ढिगात बसेना. त्यात पिवळेपणा नावालाही नाही, राणी रंगात थेंबभर निळं पडावं तसं काहीतरी. कॅटलॉगवाले पिंकची खूण सांगतात ती हीच: रंगात निळसर झाक हवी.

छाती धडधडायला लागली, खोटं कशाला सांगू. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, “सगळी सारखीच तर आहेत.”

तिकीट तज्ज्ञांकडे अस्सलपणाच्या दाखल्यासाठी पाठवलंय. तोवर विचारतो, इथे कोणाला रंगछटांचा नाद आहे का?

आठ_आणे
पारव्याचं रक्त!! हे नाव ठेवणाऱ्याने पारवा कापून बघितला होता का?

माणिकमोती
@आठ_आणे, नाव आमच्या धंद्यातलं आहे. ब्रह्मदेशच्या उत्तम माणकाला ‘पिजन ब्लड’ म्हणतात. लाल रंगात किंचित निळी छटा असते. झवेरी बाजारात अजूनही सर्रास वापरतात. आणि गंमत म्हणजे आमच्याकडेही तेच: एका व्यापाऱ्याचं पिजन ब्लड दुसऱ्याला नुसतं ‘बरं लाल’ वाटतं. आता सगळे प्रयोगशाळेचा कागद मागतात.

दुपारची_डाक
दातेरी, धागा काढल्याबद्दल आभार. मी पुण्यात, वय वर्षे ७१. तिकिटं गोळा करायला लागून ५५ वर्षं झाली, त्यातली शेवटची वीस फक्त अमेरिकेच्या तीन सेंटवर. मात्र तुमच्या आधीची, १८५१ची. तुमचा आजार आमच्यात जुना आहे.

१ जुलै १८५१ला अमेरिकेत टपालाचे दर उतरले. आगाऊ पैसे भरले तर तीन सेंट, नाही भरले तर पाच. त्यासाठी फिलाडेल्फियाच्या टोपन, कार्पेंटर, कॅसिलियर कंपनीने जे तिकीट छापलं तेच हे. सुरुवातीला दाते नव्हते, कात्रीने कापून लावायचं. दाते १८५७ला आले. या सहा वर्षांत रंग सतत हलत राहिला. पहिल्या सहा महिन्यांतला ‘ऑरेंज ब्राउन’, म्हणजे तांबूस नारिंगी. १८५२मध्ये तोच रंग मळकट झाला आणि त्यात किरमिजी तपकिरी आली. १८५५च्या सुमाराला नारिंगी लाल. १८५७ला क्लॅरेट, म्हणजे लाल वाइनचा रंग, आणि त्यातच कुठेतरी ‘प्लम’, म्हणजे आलुबुखाऱ्याचा, जे मला आजवर फक्त दुसऱ्यांच्या आल्बममध्ये भेटलंय.

हे सगळं आपल्याला माहीत आहे ते डॉ. कॅरोल चेज या गृहस्थामुळे. पेशाने डॉक्टर. १९२९मध्ये त्यांनी या एकाच तिकिटावर जाडजूड ग्रंथ काढला. छपाईच्या एकेका प्लेटवर दोनशे तिकिटं, आणि प्रत्येक तिकीट कुठल्या प्लेटवर कुठल्या जागेचं हे त्यांनी जुळवून काढलं. रंगाचा हिशोबही त्यातूनच लागला. प्लेट कधी वापरात होती ते कळलं की त्या प्लेटवरच्या रंगाला वर्ष चिकटतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही ढीग लावलेत ते छान, पण नाव द्यायची घाई केलीत. रंगाला नाव देऊ नका, तारीख द्या. माझ्याकडे चाळीसएक घडीची पत्रं आहेत. त्या काळी पाकिटं कमी, कागदच दुमडून त्यावर पत्ता लिहीत. शिक्क्यात गाव, महिना, दिवस असे, पण वर्ष बहुधा नसायचंच. वर्ष आत, पत्राच्या मथळ्यावर. किंवा ज्या व्यापाऱ्याला पत्र आलं त्याने कडेला टिपून ठेवलेलं असतं: कोणाचं, कधी मिळालं, कधी उत्तर दिलं. आपल्याकडच्या पेढीवरचे मुनीम करत तसंच. अशी वर्ष पक्कं असलेली पत्रं ओळीने मांडली की डोळा शिकतो. मग सुटं तिकीट हातात आलं की ते ओळीत सरकवायचं. नाव शेवटी.

माझी पहिली दहा पत्रं अगदी फालतू होती. तिकीट फाटलेलं, समास कापलेला. किंमत शून्य. पण रंग अस्सल आणि तारीख पक्की. महागडं एक घेण्यापेक्षा असली दहा घ्या.

नेमके_प्रश्न
चांगला स्कॅनर घ्या, आरजीबीचे (लाल-हिरवा-निळा) आकडे काढा, एक्सेलमध्ये टाका. इतका वाद कशाला? २०२० नंतरही लोक खिडकीत बसून तिकिटं बघतात?

दुपारची_डाक
बघतात.

रेषाकाम
@नेमके_प्रश्न, मी हे करून बघितलंय. एकच तिकीट सकाळी आणि संध्याकाळी स्कॅन केलं तर आकडे वेगळे. दोन स्कॅनरवर तर विचारूच नका. शिवाय ही तिकिटं खोदकामाची, म्हणजे प्लेटवर रेषा कोरून छापलेली आहेत. रंगाचा सलग पट्टा कुठेच नसतो, बारीक रेषा आणि मधे कागद. तुम्ही मोजता तो रंग शाई आणि मळलेला कागद यांची सरासरी. त्यात शिक्क्याची काळी शाई आली की संपलं. एकाच वेळी, एकाच काचेवर शेजारी ठेवून स्कॅन केलं तर तुलनेपुरता उपयोग होतो, तेवढंच.

वॉशिंग्टन शहरातल्या राष्ट्रीय टपाल संग्रहालयात वेगवेगळ्या तरंगलांबीच्या उजेडात तिकीट बघायचं यंत्र आहे. क्ष-किरणांनी शाईत शिसं आहे, पारा आहे की लोह आहे तेही सांगता येतं. ते खरं मोजमाप. आपल्या घरच्या स्कॅनरचं काम नाही.

शाईचा_डाग
वाचनमात्र होतो, पण हा माझा विषय. छपाईच्या शाईच्या कारखान्यात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. तिकिटं गोळा करत नाही, शाई कळते.

तुम्ही लोक रंग बदलल्याचं आश्चर्य करताय. मला आश्चर्य वाटतं ते एवढा सारखा कसा राहिला याचं. त्या काळची पद्धत बघा. रंगद्रव्याची पूड जवसाच्या उकळलेल्या तेलात घोटायची. तळणीचा घाणा घालावा तसा एकेक घाणा. एका घाण्यात पूड जरा जास्त दळली गेली की छटा बदलली. तेल जास्त शिजलं की पिवळेपणा चढला. पूड पुरवणारा बदलला की सगळंच बदललं. मग ती शाई पोलादी प्लेटवर चोपडायची, प्लेट कोमट करायची, वरची जादा शाई फडक्याने आणि शेवटी हाताच्या तळव्याने पुसायची. खोबणीत उरेल ती शाई ओल्या कागदावर दाबाखाली उतरते. पुसणाऱ्याचा हात जड की हलका, कागद किती ओला, यावरही गडदपणा ठरतो. सकाळचा पहिला ताव आणि जेवणानंतरचा ताव यांतही फरक पडत असणार.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या धरा. गडद-फिकट हा बहुधा पुसण्याचा आणि शाईच्या थराचा खेळ. पण रंगाचा मूळ स्वभाव बदलला, म्हणजे पिवळ्याकडून निळ्याकडे गेला, तर शाईच वेगळी. दातेरी यांची ‘निळसर झाक’ दुसऱ्या प्रकारातली, म्हणून तिला किंमत. नुसतं गडद तिकीट म्हणजे दुर्मिळ तिकीट नव्हे.

आणि तिसरी गोष्ट कोणी बोललं नाही. तिकीट छापल्यानंतर दीडशे वर्षांत रंगाचं जे होतं ते. शाईत शिशाचं रंगद्रव्य असेल, आणि नारिंगी-लाल शायांत ते असायचं, तर हवेतल्या गंधकाने ते काळं पडतं. कोळशाचा धूर, दिव्याचा गॅस, आल्बमला लावलेलं रबर बँडसुद्धा. तुमची मंडळी त्याला ‘ऑक्सिडेशन’ म्हणतात, पण तो शिशाचा सल्फाइड असतो. हायड्रोजन पेरॉक्साइड लावलं की तो काळा सल्फाइड पांढऱ्या सल्फेटमध्ये बदलतो आणि मूळ नारिंगी परत दिसतो. जुनी तैलचित्रं साफ करणारेही हे जाणतात. पण तो ‘मूळ’ रंग आहे की जास्त धुतलेला, हे मात्र कोणी सांगू शकत नाही.

दुपारची_डाक
शाईचा_डाग साहेब, वाकून नमस्कार. हे ‘ऑक्सिडेशन’ आमच्या तीन सेंटला फार छळतं. काळवंडलेल्या तांबूसला अनेक जण ‘दुर्मिळ गडद तपकिरी’ म्हणून विकतात. मी स्वतः एकदा फसलोय. एका विक्रेत्याकडून ‘प्लम’ म्हणून घेतलं. महिनाभर आरती ओवाळली. मग एका मित्राने भिंगाखाली बघितलं आणि म्हणाला, रेषांच्या कडा काळ्या आहेत पण जिथे शिक्क्याच्या शाईखाली रंग झाकला गेलाय तिथे नारिंगी आहे. संपला प्लम. साडेचार हजार रुपये, त्या काळचे.

पेरॉक्साइड मी लावत नाही. तत्त्व वगैरे नाही, हात थरथरतो.

मॅचिंग_सेंटर
नमस्कार. तिकिटांतलं मला ओ की ठो कळत नाही, शीर्षकात गुलाबी दिसलं म्हणून आले. दादरला आमचं ब्लाउजपीसचं दुकान आहे, सासऱ्यांपासून. तुमचं सगळं वाचून हसू येतंय, कारण आमचं रोजचं आहे.

बाई साडी घेऊन येते, म्हणते ‘डाळिंबी द्या’. साडी असते कुसुंबीकडे झुकलेली. नावावर गेलात तर बाई परत येणार भांडायला. आम्ही नाव ऐकतच नाही, साडीच काउंटरवर पसरतो आणि ताग्यावर तागा लावून बघतो. आणि दुकानातल्या ट्यूबखाली जुळलेला रंग फुटपाथवर उघडा पडतो, हे तर ठरलेलंच. म्हणून सासरे प्रत्येक गिऱ्हाइकाला पायरीवर नेत. “ताई, उजेडात बघा, मग कापतो.” एका दिव्याखाली दोन रंग सारखे दिसतात आणि दुसऱ्याखाली वेगळे, कारण दोघांतली रंगाची पूड वेगळी असते.

दुसरं, लाल रंग सलग बघत बसलात की वीसेक ताग्यांनंतर डोळा मरतो. मधेच करडं किंवा पांढरं बघायचं. आमच्या दुकानात गल्ल्यामागची भिंत मुद्दाम करडी आहे.

रेषाकाम
@मॅचिंग_सेंटर, तिकीटवाल्यांनी तुम्हाला मानधन देऊन बोलवावं. यातलं निम्मं मी पन्नास डॉलर भरून एका कार्यशाळेत ऐकलं होतं.

नावांबद्दल पूर्ण सहमत. स्कॉटची रंगांची नावं शंभर वर्षांत वेगवेगळ्या माणसांनी दिलेली आहेत. त्यामुळे एका अंकातलं ‘ब्राउन’ आणि दुसऱ्या अंकातलं ‘ब्राउन’ एकमेकांना ओळखतही नाहीत. १८४७चं पहिलं पाच सेंटचं फ्रँकलिन घ्या. न्यूयॉर्कच्या रॉडन, राइट, हॅच अँड एडसनने छापलेलं. रेड ब्राउन, पेल ब्राउन, डार्क ब्राउन, ग्रेइश ब्राउन, ब्लॅकिश ब्राउन, ऑरेंज ब्राउन, ब्राउन ऑरेंज, रेड ऑरेंज... ऑरेंज ब्राउन आणि ब्राउन ऑरेंज यांतला फरक मला कोणी झोपेतून उठवून विचारला तर मी हात जोडीन. त्याच वेळचं दहा सेंटचं वॉशिंग्टन मात्र काळं. काळ्याने कोणाला त्रास दिला नाही.

आठ_आणे
आपल्या आज्या अमेरिकेत असत्या तर कॅटलॉग सोपा झाला असता. गेरू, विटकरी, अंजिरी, वांगी, पारवा, मोतिया.

दुपारची_डाक
आठ_आणे, विनोदात म्हणालात पण मी तसंच करतो. माझ्या वहीत ‘ब्राउनिश कार्मिन’समोर लिहिलंय: जुन्या देवळाचा उंबरा. मला कळतं, पुरे.

खाडीपलीकडे
थोडं अवांतर. रंगद्रव्य संपल्यामुळे रंग बदलल्याचं आपल्या घरचं उदाहरण आहे. १८५४ला कलकत्त्यात कॅप्टन थुलिए यांच्या देखरेखीखाली अर्ध्या आण्याचं तिकीट आधी शेंदरी लाल छापलं, तेच चौकटीत ‘साडेनऊ कमानी’वालं. मग ती आयात केलेली शेंदरी पूड संपली आणि अर्धा आणा निळा झाला. लाल नंतर एक आण्याला गेला. म्हणजे तिकिटाचा रंग धोरणाने ठरला असं आपण समजतो आणि तो ठरतो गोदामात काय शिल्लक आहे त्यावर.

त्याआधीचं १८५२चं सिंध डाक तर पांढरं, निळं आणि लाल, तिन्ही. ते काढणारे बार्टल फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर, १८६२ ते ६७. दातेरींची गुलाबी तिकिटं न्यूयॉर्कला छापली जात होती तेव्हा त्याच युद्धापायी अमेरिकेचा कापूस अडकला होता आणि मुंबईत कापसाने सोन्याचे दिवस आणले होते. १८६५ला युद्ध संपलं, इथे दिवाळी संपली.

अवांतर समाप्त.

नातू_नंबर_दोन
धागा वर काढतोय. आजोबांच्या आल्बममध्ये (कोल्हापूर, बहुधा १९६०च्या दशकात पाकिटातून घेतलेली) एक अमेरिकन तिकीट सापडलं. पाच सेंट, जेफरसन, तपकिरी. नेटवर बघितलं तर कुठे सत्तर डॉलर, कुठे दोन हजार. हात कापायला लागलेत. फोटो टाकतोय. रंग कोणता?

रेषाकाम
फोटोवरून रंग सांगणार नाही, माफ करा. पण रंगाआधी बरंच काही सांगता येतं. जेफरसनची पाच सेंटची दोन वेगळी तिकिटं आहेत, त्यातलं कोणतं ते आधी बघू.

पहिलं १८५६-५७चं, चौकट लंबगोलाभोवती नक्षीची. हे बहुतेक परदेशी पत्रांना लागायचं. फ्रान्सला १८५७पासून पंधरा सेंट दर होता, म्हणून तीन तीनच्या पट्ट्या लावलेली न्यू ऑर्लिन्सची पत्रं सापडतात. यात रंगांची जत्रा आहे: रेड ब्राउन, ब्रिक रेड, इंडियन रेड, ब्राउन, ऑरेंज ब्राउन. पण इथे एक कुबडी आहे. चारही बाजूंना नक्षीची टोकं पूर्ण असतील तर पहिला प्रकार, वरची-खालची टोकं छाटलेली असतील तर दुसरा. ऑरेंज ब्राउन फक्त दुसऱ्या प्रकारात. म्हणजे टोकं पूर्ण असतील तर कितीही नारिंगी दिसो, ते ऑरेंज ब्राउन नाही, काळवंडलेलं किंवा उडालेलं दुसरं काहीतरी आहे. निम्मे वाद इथेच मिटतात.

हे ऑरेंज ब्राउन १८६१मध्ये आलं आणि त्याच वर्षी बाद झालं. आयुष्य काही महिन्यांचं, त्यामुळे खरोखर वापरलेलं कमी आणि कोऱ्यावर खोटा शिक्का मारायचा मोह जास्त. त्यात १८७५ला याच नक्षीचं पुनर्मुद्रण झालं, तेही ऑरेंज ब्राउनमध्येच. ते ओळखायचं दात्यांवरून: दोन सेंटिमीटरात मूळचे साडेपंधरा, पुनर्मुद्रणाचे बारा.

दुसरं १८६१चं, नॅशनलवाल्यांचं, दातेरींच्या तीन सेंटचा भाऊ. दाते बारा. आधी बफ (फिकट पिवळट तपकिरी), १८६२ला रेड ब्राउन, १८६३ला ब्राउन. बफ भारी, ब्राउन त्या मानाने गरीब.

तेव्हा: नक्षी कोणती? दोन सेंटिमीटरात दाते किती?

नातू_नंबर_दोन
दाते मोजायची पट्टी नाही. शाळेची फूटपट्टी चालेल?

रेषाकाम
चालेल, भिंग घ्या. आणि तिकीट चिमट्याने उचला, बोटाने नको.

एक_पानी
मी हौशी, १८९०च्या दोन सेंटपुरता. नवशिक्यांना सांगेन की थेट पिंकच्या मागे लागू नका. १८९०ला दोन सेंटचं वॉशिंग्टन आधी फेब्रुवारीत लेक रंगात आलं आणि मेमध्ये कार्मिनमध्ये. दोन्ही स्वस्त, ढिगाने मिळतात. लेक म्हणजे लाखेकडे झुकणारा, कार्मिन स्वच्छ किरमिजी. हे दोन डोळ्याला वेगळे दिसायला लागले की पुढे जा. मला चार महिने लागले.

आणि छटा म्हणजे चूक नव्हे, हेही घोळतात लोक. खरी रंगचूक म्हणजे १८९३च्या कोलंबियन मालिकेतलं चार सेंटचं. असायला हवं अल्ट्रामरीन, म्हणजे किंचित जांभळट निळं, काही ताव छापले गेले एक सेंटच्या निळ्यात. तिथे कोणीतरी चुकीचा डबा उघडला. १८६१च्या चोवीस सेंटचे व्हायोलेट, स्टील ब्लू, रेड लायलॅक, ग्रे... यात कोणी चुकलं नाही, जांभळी शाई जमवणंच अवघड. वर ती उजेडात उडते. त्यामुळे जुना ‘ग्रे’ बघितला की मी आधी विचारतो, हा जन्मतः ग्रे की उन्हाने?

शाईचा_डाग
जांभळ्याचं बरोबर आहे. तपासायचं असेल तर बिजागरीच्या (आल्बममध्ये तिकीट चिकटवायच्या) कागदाखाली किंवा आडव्या शिक्क्याखाली झाकलेला भाग बघा. शेजाऱ्यापेक्षा गडद असेल तर बाकीचं उडालंय.

१८७०नंतरचं तीन सेंटचं हिरवं निळं झालेलं कोणी दाखवलं तर घेऊ नका, हेही सांगून ठेवतो. हिरवा रंग पिवळ्या-निळ्याच्या मिश्रणाचा असला की आम्ल-अल्कलीने पिवळा मरतो, निळा उरतो. स्वयंपाकघरात होतं.

दातेरी
दाखला आला. नऊ आठवडे लागले.

कागदावर माझ्या तिकिटाचा सुरेख रंगीत फोटो, खाली शिक्का, सही, आणि एक ओळ: क्रमांक ६५, रोझ, वापरलेलं, अस्सल.

रोझ.

आधी राग आला. मग ते तिकीट परत खिडकीत नेलं. बाहेर आता बर्फ नाही, समोरच्या मेपलला पालवी फुटलीय. आणि खरं सांगतो, ते मला तेवढं निळं दिसेना. त्या दिवशी बर्फावरून परतलेला सगळा उजेड निळा होता, आणि ते तिकीट सगळ्या ढिगांत सगळ्यात कमी मळलेलं, एवढंच. बाकीच्यांचा कागद चहात बुडवल्यासारखा पिवळा, याचा पांढरा. शाई तीच.

बायको म्हणाली, “मी म्हटलं होतं.”

दाखल्याचे पैसे तिकिटाच्या किमतीच्या पंधरापट झाले. तरी दुपारची_डाक यांचं ऐकून एक केलं. गेल्या आठवड्यात त्याच बाजारात सप्टेंबर १८६१चं एक पाकीट मिळालं. वर्ष आतल्या पत्रावर आहे, तिकिटाचा एक कोपराच गायब, म्हणून तीस डॉलरला. हे रोझच्या शेजारी ठेवलं आणि दोन सेकंदांत कळलं की पिंक म्हणजे काय ते. शब्दांत सांगता येत नाही. पेरूचा गर आणि राणी रंग यांची तुलना मी वर केली होती ती साफ चुकीची होती.

आता ओळीत दोनच आहेत: एक तारखेचं, एक दाखल्याचं.

दुपारची_डाक
कोपरा नसलेलं पिंक, तारखेसकट, तीस डॉलरला? मी हे पत्र माझ्या चार ‘सुबक’ तिकिटांना बदली घेईन. विचार करून सांगा. घाई नाही, पण वय ७१ आहे हे लक्षात असू द्या.

दातेरी
काका, नाही.

मॅचिंग_सेंटर
बर्फाचा उजेड निळा, हे सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले पावसाळ्यात आपल्याकडेही तसंच, म्हणून श्रावणात घेतलेला गुलाबी दिवाळीला केशरी वाटतो.

नातू_नंबर_दोन
मोजले! दोन सेंटिमीटरात बारा. तीनदा मोजले. म्हणजे १८६१वालं ना? नक्षीही दुसरीच आहे. मग आता बफ, रेड ब्राउन की ब्राउन? मला तर बफसारखं दिसतंय. चक्क पिवळट.

रेषाकाम
कुठे बसून बघताय?

नातू_नंबर_दोन
स्वयंपाकघरात. पिवळा बल्ब आहे.

रेषाकाम
उद्या सकाळी गच्चीवर जा. सावलीत.